पिवळं झिंक बंद करताना: एका प्लेटिंग युनिटचा अनुभव

नट-बोल्टवरची पिवळी, किंचित इंद्रधनुषी झाक सगळ्यांच्या ओळखीची आहे. तो रंग झिंकचा नसतो. झिंकवर शेवटी चढवलेल्या पॅसिव्हेशनच्या, म्हणजे गंज रोखणाऱ्या रासायनिक प्रक्रियेच्या, पातळ थराचा असतो, आणि त्या थरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं. शॉपफ्लोअरवर त्याला नुसतं 'हेक्सा' म्हणतात. भोसरीतल्या आमच्या बॅरल प्लेटिंग युनिटमध्ये (फिरत्या पिंपात, म्हणजे बॅरलमध्ये, माल ठेवून त्यावर झिंक चढवतो) हेक्सा पूर्ण बंद करून ट्रायव्हॅलंट, म्हणजे कमी घातक रूपातल्या, क्रोमियमवर यायला २०२२ च्या उन्हाळ्यापासून २०२३ च्या दिवाळीपर्यंतचा काळ गेला. हे काम अंगावर आलं की पहिले काही आठवडे नेमकी कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. म्हणून सगळा क्रम, खर्च आणि अडचणी इथे मांडतो आहे.

कारखाने असे पर्यावरणपूरक बदल का करतात, याची अनेक कारणं सांगता येतात. आमच्या धंद्यात सुरुवात बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या पत्राने होते. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीकडून मे २०२२ मध्ये पत्र आलं: एप्रिल २०२३ पासूनचा सगळा माल हेक्सामुक्त हवा, आयएमडीएस या वाहन उद्योगाच्या साहित्य-माहिती प्रणालीत त्याची नोंद हवी, सॉल्ट स्प्रेमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यातल्या गंज-चाचणीत, ९६ तास पांढरा गंज (झिंकचा) आणि २४० तास लाल गंज (खालच्या पोलादाचा) दिसता कामा नये. त्यांचा माल युरोपात जाणाऱ्या गाड्यांना लागतो. युरोपच्या २०००/५३/ईसी या निर्देशाने गाड्यांच्या गंजरोधक थरांमधलं हेक्सा १ जुलै २००७ पासून बंद केलेलं आहे आणि एकजिनसी पदार्थात त्याची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का ठेवलेली आहे. पुढे रीच या युरोपच्या रसायनविषयक नियमांखाली क्रोमियम ट्रायऑक्साइड या हेक्साच्या संयुगाच्या वापरालाच २१ सप्टेंबर २०१७ नंतर परवानगीची अट आली. मोठ्या कंपन्यांनी तेव्हाच बदल केला. आमच्यासारखी छोटी जॉबवर्क युनिट्स मात्र देशातल्या स्पेअरच्या बाजारासाठी पिवळं झिंक करत राहिली, कारण ते स्वस्त आहे आणि गंजाविरुद्ध टिकतंही उत्तम.

दुसरं कारण ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण संयंत्रात, दिसतं. पाण्यातलं हेक्सा थेट खाली बसत नाही. आधी सल्फ्युरिक ॲसिडने पीएच २.५ च्या आसपास आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून हेक्साचं ट्रायव्हॅलंट करायचं. पाणी पिवळ्याचं हिरवट झालं की कॉस्टिक किंवा चुन्याने पीएच पुन्हा ९ च्या जवळ न्यायचा. एक किलो हेक्सा क्रोमियमला हिशेबाने पावणेतीन किलो मेटाबायसल्फाइट लागतं. प्रत्यक्षात तीन किलोच्या पुढेच जातं. म्हणजे आधी ॲसिड, मग अल्कली, वर गाळ आणि वाढलेला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), असा चारही बाजूंनी खर्च. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या सांडपाण्यात हेक्साची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. एका पाळीत मेटाबायसल्फाइट कमी पडलं तरी ती ओलांडली जाते.

तिसरं कारण माझ्या दृष्टीने पहिलं असायला हवं होतं. हेक्साव्हॅलंट क्रोमियम हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं. त्याआधीही ते त्रास देतं: हाताला न भरणाऱ्या जखमा, नाकाच्या पडद्याला भोक. पॅसिव्हेशनच्या टाकीशी उभा असलेला माणूस रोज आठ तास त्याच्या शेजारी असतो. पण गिऱ्हाइकाचं पत्र येईपर्यंत आमच्या धंद्यात या कारणाने टाकी बदलली गेल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

जून आणि जुलै २०२२ हे दोन महिने आम्ही फक्त मोजमापात घालवले, आणि तसंच करावं असं मी कोणालाही सांगेन. सप्लायर लगेच नमुन्याचा कॅन घेऊन येतो आणि टाकी भरायची घाई होते. पण आज किती पाणी जातं, किती रसायन पाण्याबरोबर वाहून जातं आणि झिंकची जाडी किती पडते, हे आकडे आधी नसतील तर नंतर काय सुधारलं तेच कळत नाही. सगळ्यांत उपयोगी आकडा ड्रॅग-आउटचा, म्हणजे बॅरल टाकीतून वर येताना किती द्रावण सोबत घेऊन येतं त्याचा. मोजायची सोपी पद्धत अशी: प्लेटिंगनंतरची रिन्स टाकी, म्हणजे माल धुण्याची टाकी, रिकामी करून ५०० लिटर ताजं पाणी भरायचं, पाण्याचा कॉक बंद ठेवायचा आणि नेहमीच्या मालाचे दहा बॅरल त्यातून काढायचे. मग त्या पाण्यातलं झिंक टायट्रेट करायचं, म्हणजे रासायनिक पद्धतीने मोजायचं. बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणात, १२ ग्रॅम प्रति लिटर झिंक असेल आणि रिन्सच्या पाण्यात ०.४ ग्रॅम प्रति लिटर आलं, तर ५०० लिटरमध्ये २०० ग्रॅम झिंक आलं. २०० भागिले १२ म्हणजे सुमारे १६.७ लिटर बाथ, दर बॅरलला पावणेदोन लिटरच्या जरा आत. आमचा आकडा जवळजवळ हाच होता. तोच बॅरल टाकीवर पंचवीस सेकंद फिरवत ठेवून निथळू दिला की तो १.१ लिटरवर येतो. या सुधारणेला एक पैसा लागत नाही. बॅरल उचलणाऱ्या होइस्टच्या टायमरमध्ये तेवढे सेकंद घालायचे आणि पाळीत निघणारे बॅरल एखाद-दुसऱ्याने कमी होतील हे मालकाने मान्य करायचं.

ऑगस्टपासून सप्लायरच्या प्रयोगशाळेत चाचण्या सुरू झाल्या. ट्रायव्हॅलंटचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पातळ थराचं निळसर पॅसिव्हेशन दिसायला छान असतं, पण गंजाविरुद्ध कमजोर. जाड थराचं हिरवट इंद्रधनुषी असतं आणि हेक्सा पिवळ्याच्या जवळपास टिकतं. ९६ तासांसाठी जाड थरच घ्यावा लागतो. आमच्या बाथची घडण अशी बसली: कॉन्सन्ट्रेट १० टक्के, पीएच १.८ ते २.२, तापमान ५५ ते ६० अंश, वेळ ६० सेकंद. हेक्साला खोलीच्या तापमानात वीस-तीस सेकंद पुरायचे, त्यामुळे कामाचा वेग इथेच बदलतो आणि बास्केटची रांग लागायला लागते.

हेक्साच्या थराचा एक गुण ट्रायव्हॅलंटमध्ये नाही. हेक्सावर ओरखडा पडला तर थरातलं विरघळणारं क्रोमियम त्या जागी सरकतं आणि ती झाकली जाते. बॅरलमध्ये माल एकमेकांवर आपटतोच, त्यामुळे बारीक ओरखडे अटळ. म्हणून ट्रायव्हॅलंटनंतर सीलर, म्हणजे वरून आणखी एक संरक्षक लेप, लागतो. सीलरशिवाय आमच्या नमुन्यांना ९६ तास खात्रीने मिळत नव्हते.

सप्लायरला लेखी विचारायच्या तीन गोष्टी: यात कोबाल्ट आहे का, फ्लोराइड आहे का, आणि क्रोमियम विरघळलेलं ठेवायला कोणतं सेंद्रिय आम्ल वापरलं आहे. पहिल्याचं उत्तर पुढच्या नियमांसाठी लागतं. दुसऱ्यावर हीटर ठरतो, कारण फ्लोराइड टायटॅनियमला खातं आणि मग टेफ्लॉनचा हीटर घ्यावा लागतो. तिसऱ्याचा संबंध ईटीपीशी आहे. सुरक्षितता पत्रकात हे सगळं पूर्ण लिहिलेलं असतंच असं नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर संमतिपत्रातल्या दुरुस्तीचा अर्ज भरला. प्लेटिंग रेड कॅटेगरीत, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणक्षम उद्योगांच्या वर्गात, येतं. आपण घातक रसायन कमी करतो आहोत, मग परवानगी कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण प्रक्रिया, रसायनं, सांडपाण्याचे प्रवाह आणि घातक कचऱ्याचं प्रमाण बदलत असेल तर ते कागदावर यायलाच हवं. पुढे तपासणीत जागेवर एक आणि संमतिपत्रात दुसरंच, असं दिसलं तर चांगला बदलही अंगाशी येतो. जुनं संमतिपत्र, प्रक्रियेचा नवा आणि जुना फ्लो-चार्ट, पाण्याचा ताळेबंद, ईटीपीची मापं, घातक कचऱ्याचा तक्ता, मागचे तपासणी अहवाल आणि भांडवली गुंतवणुकीचं सीएचं प्रमाणपत्र, एवढं तयार ठेवावं. फी गुंतवणुकीवर ठरते, म्हणून सीएच्या प्रमाणपत्रातला आकडा ताळेबंदाशी जुळायला हवा. पाण्याच्या ताळेबंदातली रोजची आवक एमआयडीसीच्या पाणीबिलाशी जुळते का, हे तर अर्ज करण्यापूर्वी दोनदा बघावं. शंका सर्वांत जास्त तिथेच निघतात. जागेची पाहणी डिसेंबरमध्ये झाली आणि दुरुस्त संमतिपत्र फेब्रुवारी २०२३ अखेरीस हातात आलं. टाकी, हीटर, एक्झॉस्ट यांची ऑर्डर दरम्यान देता येते. नेहमीचं उत्पादन मात्र संमतीनंतरच सुरू करायचं.

मार्चपासूनची नवी लाइन अशी: अल्कलाइन झिंक प्लेटिंग, दोन रिन्स, अर्धा टक्का नायट्रिक ॲसिडमध्ये बुडी, रिन्स, पॅसिव्हेशन ६० सेकंद, पुन्हा दोन रिन्स, सीलर ३० सेकंद, आणि सीलरनंतर रिन्स न करता थेट सेंट्रिफ्यूज ड्रायर ७५ अंशांवर. ड्रायरचं तापमान हा आणखी एक फरक. हेक्साचा थर ६० अंशांच्या वर गेला की त्यातलं पाणी उडून तडकतो, म्हणून जुने ऑपरेटर ड्रायर मुद्दाम कोमट ठेवतात. सीलर मात्र नीट पक्का व्हायला उष्णता मागतो. जुनी सवय नव्या लाइनवर तशीच राहिली तर माल चिकट निघतो आणि पिशवीत एकमेकांना चिकटतो.

१०.९ आणि त्यावरच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, ग्रेडच्या बोल्टचा विचार वेगळा करावा लागतो. पिकलिंग (ॲसिडने गंज काढणं) आणि प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कडक बोल्ट पुढे ताणाखाली अचानक तुटू शकतो. १९० ते २२० अंशांवर बेकिंग करायचं ते प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत आणि पॅसिव्हेशनच्या आधी. बेकिंगहून आलेल्या झिंकचा पृष्ठभाग निष्क्रिय झालेला असतो, त्यामुळे नायट्रिकची बुडी देऊन तो जागा केल्याशिवाय पॅसिव्हेशन नीट धरत नाही.

मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या लॉटमध्ये जे बिघाड दिसले ते या बदलात जवळपास प्रत्येक युनिटला भेटतात. पहिला रंगाचा. ट्रायव्हॅलंट फिकट हिरवट दिसतं आणि गिऱ्हाइकाच्या आवक तपासणीतला माणूस 'पिवळं कुठे आहे' म्हणून लॉट बाजूला ठेवतो. पिवळी डाय घालता येते, पण ती उन्हात उडते आणि आणखी एक रसायन ईटीपीत जातं. त्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या सहीचे रंगनमुने, सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद असे दोन, आधीच करून घ्यावेत. एकच नमुना ठेवला की वाद होतो.

दुसरा बिघाड आट्यांमधल्या पांढऱ्या गंजाचा. बोल्टचं डोकं १२० तास टिकतं आणि आटे ६० तासांतच पांढरे पडतात. याची कारणं दोन. आट्यांच्या तळाशी झिंकची जाडी डोक्यापेक्षा कमी असते. डोक्यावर ८ मायक्रॉन मोजले तरी तळात ५ असू शकतात. आणि अल्कलाइन बाथमधल्या, चकाकी आणणाऱ्या ब्राइटनरचा पातळ सेंद्रिय थर तिथे राहून जातो. तो नायट्रिकच्या बुडीत निघतो, पण बॅरलबरोबर येणाऱ्या अल्कलीने ती बुडी हळूहळू मरते. दर पाळीला पीएच कागदाने बघायचं आणि १.५ च्या वर गेलं की टाकी बदलायची. हा दिवसाला पन्नास-शंभर रुपयांचा खर्च आहे. तो वाचवायला गेलं की पूर्ण लॉट स्ट्रिप करावा, म्हणजे चढवलेला थर उतरवावा, लागतो.

तिसरा लोखंडाचा. पॅसिव्हेशनच्या टाकीत पडलेला एखादा वॉशर तिथेच राहतो, त्याचं झिंक उतरतं आणि मग लोखंड विरघळायला लागतं. लोखंड ५० ते १०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या पुढे गेलं की थर पिवळट, धुरकट दिसतो आणि सॉल्ट स्प्रेचे तास घसरतात. रोज पाळी संपल्यावर तळातून चुंबक फिरवायचा. एवढ्याने बाथचं आयुष्य कितीतरी वाढतं. झिंकही साचत जातं. आमच्या अनुभवात १० ग्रॅम प्रति लिटरच्या पुढे बाथचा भरवसा राहत नाही, त्यामुळे आठवड्याला झिंक आणि लोखंड दोन्ही तपासून तक्त्यावर मांडावं.

चौथा सर्वांत चकवणारा: ट्रायव्हॅलंटच्या मालात हेक्सा सापडणं. डायफिनाइलकार्बाझाइडच्या चाचणीत द्रावण गुलाबी-जांभळं झालं की पोटात गोळा येतो. आयईसी ६२३२१-७-१ प्रमाणे भाग उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून ते पाणी तपासतात. दर चौरस सेंटिमीटरला ०.१० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर हेक्सा नाही असं धरतात आणि ०.१३ च्या वर असेल तर आहे. बाथ स्वच्छ असूनही मालावर हेक्सा येतं ते जुन्या बास्केटमधून, ड्रायरच्या जाळीतून, पॉलिप्रॉपिलीनच्या छिद्रांमधून, कधी ऑपरेटरच्या हातमोज्यांतून. वर्षानुवर्षं हेक्सात बुडालेलं प्लास्टिक ते धरून ठेवतं आणि महिनोन्महिने सोडत राहतं. धुऊन भागत नाही. बास्केट, जाळ्या, हातमोजे, बादल्या सगळं नवीन घ्यावं लागतं आणि दोन्ही लाइनी काही काळ एकत्र चालवायच्या असतील तर सामानाला रंगाने वेगळं करावं लागतं. आमच्याकडे ट्रायव्हॅलंटच्या बास्केटना निळा पट्टा होता, आणि पिवळ्या लाइनजवळ निळा पट्टा दिसला की काम थांबवायचं असा नियम होता.

पीपीएपीचे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या भाग-मंजुरी प्रक्रियेचे, नमुने एप्रिलच्या मध्यात गेले. इथे वाट बघण्याचा हिशेब आधी मांडून ठेवावा. २४० तासांची चाचणी म्हणजे सलग दहा दिवस. प्लेटिंगनंतर नमुने निदान एक दिवस तसेच ठेवायचे असतात, शिवाय प्रयोगशाळेत चेंबर मोकळा मिळायला हवा. एखादा बदल करून परत चाचणी म्हणजे तीन आठवडे गेले असं धरावं. बाहेर दर संचाला तीन ते पाच हजार रुपये पडत होते, म्हणून आम्ही दोन लाख चाळीस हजारांचा छोटा चेंबर घेतला. स्वतःचा चेंबर असेल तर ३५ अंश तापमान, ५ टक्के मीठ, पीएच ६.५ ते ७.२ आणि ८० चौरस सेंटिमीटरला तासाला १ ते २ मिलिलिटर फवारा, या चार नोंदी रोज लागतात. नाहीतर गिऱ्हाईक तो अहवाल मानत नाही.

घर्षणाचा मुद्दा मात्र ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लपलेला असतो. सीलरमुळे बोल्ट जास्त गुळगुळीत होतो. असेंब्ली लाइनवर टॉर्क तोच ठेवला तर बोल्टवरचा ताण वाढतो आणि तो लांबतो किंवा तुटतो. आमच्या ड्रॉइंगवर घर्षण गुणांक ०.१२ ते ०.१८ होता आणि पहिल्या सीलरने तो ०.१० च्या आसपास दिला. सप्लायरकडून कमी वंगणाचा सीलर मागवून पुन्हा पूर्ण चक्र करावं लागलं. एप्रिलची मुदत त्यामुळे पाळता आली नाही, गिऱ्हाइकाने जूनपर्यंत लेखी सवलत दिली. हा मुद्दा पहिल्या बैठकीतच विचारून घ्यावा.

मे महिन्यात ईटीपीच्या अहवालात जे आलं त्याची कल्पना फार थोड्यांना असते. हेक्सा शून्यावर आलेलं, पण एकूण क्रोमियम आणि झिंक वाढलेलं. एकूण क्रोमियमची मर्यादा २ आणि झिंकची ५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. कारण सप्लायरला विचारायच्या तिसऱ्या प्रश्नातल्या सेंद्रिय आम्लात आहे. ऑक्झॅलिक, मॅलोनिक यांसारखी आम्लं क्रोमियमला पकडून ठेवतात, म्हणूनच बाथ स्थिर राहतो. पण तीच पकड ईटीपीतही सुटत नाही. नेहमीच्या पीएच ९ ला सगळा धातू खाली बसत नाही, पाणी वरून स्वच्छ दिसतं आणि अहवाल मात्र नापास येतो. पीएच आणखी वाढवून उपयोग नाही, कारण झिंक आणि क्रोमियम दोन्ही जास्त अल्कलीत पुन्हा विरघळतात.

उपाय असा बसला. पॅसिव्हेशनचं पाणी आणि जुना बाथ वेगळ्या टाकीत घ्यायचा, इतर पाण्यात मिसळायचा नाही. त्यात पिकलिंगचं वापरलेलं हायड्रोक्लोरिक थोडं टाकायचं. त्यातलं लोखंड गाळ बनताना क्रोमियमला सोबत ओढतं. मग कॉस्टिकऐवजी चुना. कॅल्शियममुळे ऑक्झॅलेट खाली बसतं आणि क्रोमियम मोकळं होतं. पीएच ९ ते ९.५, अर्धा तास ढवळणं, मग गाळ एकत्र आणणारं पॉलिमर. आधी बीकरमध्ये एक लिटरवर जार टेस्ट करूनच मात्रा ठरवायची, कारण प्रत्येक सप्लायरची घडण वेगळी असते. चुन्याने गाळ वाढतो हे खरं, पण तो फिल्टर प्रेसमध्ये चांगला दाबला जातो. ही वेगळी टाकी, स्टिरर आणि पाइपिंगला दोन लाखांच्या थोडं वर लागले. नव्याने करणाऱ्यांनी ही टाकी पहिल्या कोटेशनमध्येच धरावी.

पीपीएपी मंजूर झालं जूनच्या अखेरीस. जुलैत पिवळी लाइन बंद केली. जुना हेक्सा बाथ एकदम ईटीपीत ओतायचा नाही. इतक्या तीव्र द्रावणात मेटाबायसल्फाइट टाकलं की उष्णता आणि सल्फर डायऑक्साइडचा घुसमटवणारा वायू सुटतो. एक तर पातळ करून रोज थोडा थोडा न्यायचा, नाहीतर घातक कचरा म्हणून अधिकृत सुविधेला द्यायचा. पुणे परिसरातल्यांसाठी ती रांजणगावला आहे. आम्ही दुसरा मार्ग घेतला. कचऱ्याच्या वाहतुकीचा मॅनिफेस्ट फॉर्म १० भरून, लेबल लावलेल्या बंद ड्रममध्ये. घातक कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून गाडीची तारीख ठरल्यावरच टाकी रिकामी करावी. टाकीचं पीव्हीसी अस्तर, एक्झॉस्टचे डक्ट, लाकडी फळ्या, पिवळ्या झालेल्या फरशा हे सगळं घातक कचऱ्यात जातं. भंगारवाला टाकीचे चांगले पैसे देतो. ती कोणाच्या तरी घरामागे पाण्याची टाकी होऊ शकते, म्हणून अजिबात देऊ नये.

खरा पैसा मात्र ज्या कामात सुटला ते गिऱ्हाइकाने मागितलं नव्हतं, मंडळानेही नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रिन्सच्या टाक्या उलट्या प्रवाहाने जोडल्या. तांदूळ एकदाच भरपूर पाण्यात धुण्यापेक्षा थोड्या थोड्या पाण्यात तीनदा धुतले तर जास्त स्वच्छ होतात, तेच इथे. बॅरलबरोबर २ लिटर द्रावण येतं आणि ते हजारपट पातळ करायचं आहे असं धरा. एकाच टाकीत २,००० लिटर पाणी लागतं. दोन टाक्या, पाणी शेवटच्या टाकीत येऊन पहिलीतून बाहेर, अशा जोडल्या तर साधारण ६३ लिटर. तीन टाक्यांना २० लिटर. प्रत्यक्षात पाणी नीट मिसळत नाही, म्हणून याच्या दीडपट-दुप्पट धरावं. तरी फरक प्रचंड आहे. टाक्यांच्या कडांमध्ये दोन-अडीच इंचांचा उतार हवा, पाणी तळाशी सोडायचं आणि विरुद्ध बाजूच्या वरच्या कडेने काढायचं, तळात थोडी हवा द्यायची. कॉक हाताने उघडण्याऐवजी पाण्यातले क्षार मोजणाऱ्या कंडक्टिव्हिटी मीटरवर, आपोआप उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावला. कॉक हाती असेल तर माणूस तो पूर्ण उघडाच ठेवतो, त्यात त्याचा दोष नाही, त्याला स्वच्छ माल द्यायचा असतो.

रोजचं पाणी १४ हजार लिटरवरून साडेसहा हजारांवर आलं. ईटीपीत कमी पाणी, म्हणून कमी रसायन, कमी गाळ, गाळाच्या कमी फेऱ्या. ट्रायव्हॅलंट आणि सीलरमुळे पॅसिव्हेशनचा खर्च किलोमागे चाळीस पैशांवरून दीड रुपयाच्या घरात गेला आहे. गिऱ्हाइकाने दर किलोला पंचाहत्तर पैसे वाढवून दिले, म्हणजे पस्तीस-चाळीस पैशांची खोट राहते. ती पाणी आणि ईटीपीच्या बचतीतून जवळजवळ भरून निघते. एकूण गुंतवणूक साडेतेरा लाखांच्या आसपास, त्यात सर्वांत मोठा वाटा ड्रायर, चेंबर, रिन्सच्या टाक्या आणि ईटीपीचा. नुसत्या बचतीतून हे पैसे लवकर परत येतील असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. ऑर्डर टिकली हा त्यातला मोठा परतावा आहे. केंद्राच्या झेड ('झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट') प्रमाणपत्राच्या फीवर सूक्ष्म उद्योगांना ८०, लघु उद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान आहे. मोजमापाचे तक्ते आधीपासून असतील तर तो अर्ज सोपा जातो.

बदल झाल्यावर दोन कागद विसरायचे नाहीत. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणपत्र फॉर्म ५ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत जातं. ज्या वर्षी लाइन बदलली त्या वर्षी दोन्ही प्रक्रियांची रसायनं आणि गाळ महिनावार वेगळे दाखवावेत. नाहीतर आकडे अचानक का पडले याचा खुलासा मागतात.

आता काम राहिलं आहे ते कोबाल्टचं. इंजिनाजवळच्या गरम जागी टिकण्यासाठी जाड थराच्या पॅसिव्हेशनमध्ये कोबाल्टचा क्षार घालतात, आणि कोबाल्टचे सल्फेट, नायट्रेट, क्लोराइड हे क्षार युरोपच्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत आधीच आहेत. शिवाय कोबाल्ट असलेल्या थरात, माल दमट उष्ण हवेत बराच काळ पडून राहिला तर ट्रायव्हॅलंटचं अगदी थोडं हेक्सा पुन्हा तयार होऊ शकतं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर माल बांधला तर ही शक्यता वाढते, म्हणून ड्रायरमधून काढलेला माल पूर्ण थंड झाल्यावरच बांधायचा. कोबाल्टमुक्त कॉन्सन्ट्रेट बाजारात मिळतं. साध्या जागेच्या मालावर ते ९६ तास देतं, पण १२० अंशांवर २४ तास तापवल्यानंतरच्या सॉल्ट स्प्रेत आमच्या नमुन्यांचे निकाल अजून सारखे येत नाहीत. ज्यांच्या मालाला उष्णतेची अट नाही त्यांनी सुरुवातच कोबाल्टमुक्तने करावी, म्हणजे बास्केट, टाकी आणि पीपीएपी दुसऱ्यांदा बदलावं लागणार नाही.